प्लंबरचा रोज किती असावा? सहावीच्या वर्गासाठी एक खरं गणित



माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा आठवड्यातून एक-दोन दिवस गैरहजर असायचा. चौकशी केली तेव्हा कळलं, वडील प्लंबर आहेत. मोठं काम असलं की पाइप धरायला, सामान द्यायला मुलाला सोबत नेतात. वडिलांना शाळेत बोलावलं. ते म्हणाले, "बाई, हेल्परला ५०० रुपये कुठून देऊ? माझाच रोज ८०० आहे."

"८००च का घेता?"

"बाकीचे तेवढेच घेतात म्हणून."

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, हे त्यांना सांगितलं. पण अडचण हिशोबाची होती. म्हणून मधल्या सुट्टीत आम्ही वही घेऊन बसलो. तोच हिशोब इथे देते. आकडे सोयीसाठी पूर्ण केले आहेत. तुमच्या गावात ते वेगळे असतील, पण रीत तीच राहील.

चूक कुठे होते?

ते मनात असं गणित करत : ८०० × ३० = २४,००० रुपये महिना. यात दोन चुका आहेत. एक म्हणजे महिन्याचे तीसही दिवस काम नसतं. दुसरी, हातात आलेले सगळे पैसे कमाई नसते. त्यातूनच पेट्रोल आणि हत्यारांचा खर्च जातो.

पायरी १ : कामाचे दिवस मोजा

- वर्षाचे दिवस ३६५
- रविवार वजा ५२
- सण, जत्रा, लग्नकार्य वजा १८
- आजारपण वजा १०
- काम नसलेले दिवस, काम बघायला जाणं, पैशांसाठी हेलपाटे वजा ५०

उरले २३५ दिवस. नोकरदाराला रजेचा पगार मिळतो, पण स्वतःचं काम करणाऱ्याला खाडा पडला की रोज बुडतो. म्हणून वर्षभराचा खर्च या २३५ दिवसांतच निघायला हवा.

पायरी २ : वर्षाचा खर्च मांडा

- घरखर्च (किराणा, भाडं, वीज, शाळा, औषधं) : १८,००० × १२ = २,१६,०००
- बचत आणि विमा : २,००० × १२ = २४,०००
- पेट्रोल आणि गाडीची दुरुस्ती : २,५०० × १२ = ३०,०००
- मोबाईल रिचार्ज : ३०० × १२ = ३,६००
- ड्रिल मशीन, पाने वगैरे हत्यारं : १८,००० रुपयांची, ३ वर्षं टिकतात, म्हणजे वर्षाला ६,०००
- करवतीची पाती, टेफ्लॉन टेप, हातमोजे : २०० × १२ = २,४००

एकूण २,८२,००० रुपये. यातले ४२,००० फक्त धंद्याचे आहेत.

पायरी ३ : भागाकार

२,८२,००० ÷ २३५ = १,२०० रुपये रोज.

आता ताळा करू. ८०० × २३५ = १,८८,०००. धंद्याचा खर्च ४२,००० वजा केला की १,४६,००० उरतात, म्हणजे महिन्याला जेमतेम १२,१६६ रुपये. २४ हजार मिळतात असं धरून घर चालवत होते आणि उरलेलं उसनवारीवर. हा आकडा बघून ते बराच वेळ गप्प बसले होते.

आणखी तीन गोष्टी

१. हेल्परची मजुरी आणि पाइप, एल्बो, नळ यांचं बिल वेगळं सांगायचं. ते आपल्या रोजातून द्यायचं नाही.

२. अर्ध्या दिवसाचे ६०० नाही, ७०० घ्यायचे. कारण उरलेला अर्धा दिवस बहुधा रिकामाच जातो. नुसता वॉशर बदलायचा असला तरी जाण्यायेण्याचे पैसे आधी ठरवायचे.

३. उक्तं काम घेताना किती दिवस लागतील ते धरून रोजाने गुणायचं आणि एखादा दिवस जास्तीचा ठेवायचा. भिंत फोडल्यावर आत काय निघेल, ते आधी दिसत नाही.

दर एकदम वाढवला तर गिऱ्हाईक तुटतं, ही त्यांची भीती खरी होती. म्हणून त्यांनी आधी १,००० केला आणि काम सुरू करण्याआधीच सांगायला लागले. एका ठेकेदाराने बोलावणं बंद केलं. जुनी घरं मात्र टिकली. मोठ्या कामाला आता ते हेल्पर घेतात आणि त्याची मजुरी गिऱ्हाइकाला वेगळी सांगतात. १,२०० अजून गाठायचे आहेत, पण मुलाची हजेरी सुधारली आहे.

वर्गात कसं घ्यावं?

नफा-तोटा शिकवताना हे उदाहरण घ्या. पण वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या घरचे आकडे फळ्यावर आणू नका. काल्पनिक प्लंबर, शिवणकाम करणारी ताई किंवा रिक्षावाले काका घ्या. खर्चाची यादी मुलांनाच करू द्या. माझ्या वर्गात "आजारी पडला तर?" हा प्रश्न एका मुलीनेच विचारला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्यातल्या एका दिवशी गावातल्या कारागिराला बोलावता येईल.

आणि पालकहो, पुढच्या वेळी नळ दुरुस्त झाल्यावर "एवढ्याशा कामाचे एवढे?" म्हणण्याआधी हे २३५ दिवस आठवा. आपली मुलं शेजारी उभी राहून ऐकत असतात.