आठ दिवस लंडन : पॅकेज घ्यावे की घरी हिशेब मांडावा?

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात लालबागहून आमचे एक जुने वाचक भेटायला आले. मिरची गल्लीत त्यांचे मसाल्याचे दुकान आहे. वडील परळच्या गिरणीत होते, हे दुकान मुलाने उभे केले. हातातल्या पिशवीत दादरच्या दोन सहल कंपन्यांची रंगीत पत्रके होती. आई, पत्नी आणि दोन मुलांना घेऊन त्यांना लंडन पाहायचे आहे. आईचे वय अडुसष्ट. मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा नऊ वर्षांचा. "पैसे चार वर्षे साठवले आहेत. एकदाच जाणार. सांगा, कुठे भरू?" असा त्यांचा सरळ प्रश्न.

आम्ही म्हटले, आज कुठेच भरू नका. आधी वही काढा.

पत्रके वाचली. दोन्ही सहली युरोपच्या होत्या. दहा-बारा दिवसांत सात-आठ देश आणि त्यात लंडनच्या वाट्याला दोन रात्री. बसमधून शहरदर्शन, एक पाळणा, मेणाचे पुतळे, एक संध्याकाळ खरेदीला, की पुढच्या देशाला प्रयाण. यात फसवणूक काही नाही. हा मालच तसा आहे. पण ज्याला एकच शहर आठ दिवस पाहायचे आहे, त्याच्यासाठी तो शिवलेला नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. मराठी माणसाला परदेश दाखवण्याचे मोठे काम दादर-माहीम परिसरातल्या कंपन्यांनी केले. केसरी टूर्स १९८४ साली निघाली. त्याच घरातून पुढे २०१३ साली वीणा वर्ल्ड निघाली. ज्यांना इंग्रजीची भीती होती, ज्यांना संध्याकाळी वरण-भात लागत होता, विमानतळावर कुठल्या दाराने जायचे ते ठाऊक नव्हते, अशा हजारो लोकांना सोबत घेऊन जाणारा टूर मॅनेजर हा या धंद्याचा खरा माल. आजही एकटे ज्येष्ठ नागरिक किंवा प्रथमच विमानात बसणारे जोडपे असेल तर त्यांनी ग्रुपबरोबर जावे, असेच आम्ही सांगू. आमच्या या वाचकांची मुलगी मात्र इंग्रजी शाळेत शिकते आणि वडिलांपेक्षा मोबाइल चांगला चालवते. त्यांना टूर मॅनेजरची तेवढी गरज नाही.

प्रवासाचे सगळे काम एकाच कंपनीच्या हाती सोपवण्याची पद्धत मुंबईला नवी नाही. थॉमस कुक कंपनीचे कार्यालय इथे १८८१ साली उघडले. १८८६ साली सरकारने हज यात्रेकरूंच्या वाहतुकीचे काम याच कंपनीकडे दिले. रेल्वे आणि आगबोटीचे तिकीट एकाच ठिकाणी मिळावे, जहाजांवरचे हाल कमी व्हावेत, हा हेतू होता. काही वर्षांनी तो करार संपला. ग्राहकाचा प्रश्न मात्र तेव्हापासून तोच आहे. पैसे आधी द्यायचे आणि सेवा नंतर मिळायची. मधल्या काळात पैसा कोणाच्या खिशात, आणि तो खिसा फाटला तर काय?

२०१९ साली हा प्रश्न दोनदा उघडा पडला. सप्टेंबरमध्ये इंग्लंडची मूळ थॉमस कुक कंपनी एका रात्रीत बंद झाली. (त्याच नावाची भारतीय कंपनी केव्हाच वेगळी झालेली होती, तिला धक्का लागला नाही.) ऑक्टोबरमध्ये १७५८ सालापासूनचे नाव सांगणारी आणि मुंबईतून चालणारी कॉक्स अँड किंग्ज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सहलीचे पैसे आगाऊ भरलेले ग्राहक अडकले. इंग्लंडमध्ये पॅकेजच्या ग्राहकासाठी १९७३ पासून 'अ‍ॅटोल' नावाची संरक्षण योजना आहे. तिच्यामुळे तिकडच्या लोकांना घरी परत आणले गेले, पैसेही मिळाले. आपल्याकडे ग्राहकाने स्वतःच सावध राहायचे. रोख देऊ नये. पैसे कंपनीच्याच खात्यावर भरावेत, एजंटाच्या वैयक्तिक खात्यावर नाही. रद्द केल्यास कोणत्या तारखेला किती कापणार, ते लेखी घ्यावे. आणि पॅकेजच्या छापील आकड्यात काय धरलेले नाही, ते विचारावे. व्हिसा, विमा, टिप, जीएसटी आणि परदेशी पॅकेजवर २०२० पासून लागू झालेला टीसीएस. टीसीएस प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वजा मागता येतो, पण आज खिशातून जातोच. त्याचे दर वरचेवर बदलले आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सात लाखांवरच्या रकमेला ते वीस टक्के झाले होते, पुढच्या अर्थसंकल्पांनी पुन्हा फेरबदल केले. बुकिंगच्या दिवशीचा दर लेखी मागावा.

काही ठिकाणी "आधी फिरा, मग हप्ते भरा" असेही सांगतात. व्याजाबद्दल आमच्या वाचकांना आम्ही काय सांगावे? पण ज्याला व्याजाचे वावडे नाही त्यानेही बेरीज करून पाहावी. आठ दिवसांच्या आठवणींचे हप्ते दोन-दोन वर्षे चालतात.

आता घरचा हिशेब. पहिला प्रश्न तारखांचा, कारण मसाल्याच्या दुकानदाराला एप्रिल-मे मध्ये हलता येत नाही. वर्षाचा मसाला त्याच दोन महिन्यांत कांडला जातो. गणपतीत लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मुलांच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. म्हणजे उरला जूनचा पहिला पंधरवडा. सुदैवाने लंडनला तो उत्तम. दिवस इतका मोठा की सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि पहाटे पाचच्या आत उगवतो. मगरिब आणि इशाच्या वेळा फार उशिरा जातात, हे लक्षात ठेवून रात्रीच्या जेवणाचे आणि झोपेचे गणित बसवावे, नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळे कुटुंब पेंगत असते.

दुसरा प्रश्न व्हिसाचा, आणि सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. ब्रिटनचा व्हिसा युरोपच्या शेंगेन व्हिसापेक्षा वेगळा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. निकालाला साधारण तीन आठवडे धरावेत. फी २०२५ साली माणशी सव्वाशे-एकशे तीस पौंडांच्या घरात होती, ती वाढत जाते, आणि लहान मुलालाही पूर्ण भरावी लागते. नकार आला तर फी परत नाही. शिवाय तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावा लागतो.

आमच्या घरचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका एजंटाने स्वस्त तिकिटाची घाई केली. "आज घ्या, उद्या भाव वाढेल." आम्ही व्हिसाच्या आधी परत न मिळणारी तिकिटे घेतली. शिवाय खात्यात शिल्लक दिसावी म्हणून नातेवाइकाकडून मोठी रक्कम आणून अर्जाच्या आठवडाभर आधी भरली. नकार आला. कारण स्पष्ट लिहिले होते : या रकमेचा उगम समजत नाही. फीही गेली, तिकिटेही गेली. वास्तविक ब्रिटिश सरकार स्वतःच सांगते की व्हिसा हातात येईपर्यंत प्रवासाचे पक्के बुकिंग करू नका. आम्ही ते वाचले नव्हते.

म्हणूनच वाचकांचा बेत ऐकून आम्ही दचकलो. हंगामाचा गल्ला रोखीत येतो, तो घरी ठेवून फेब्रुवारीत एकदम बँकेत भरायचा, असा त्यांचा विचार होता. आम्ही सांगितले, आजपासून रोजचा गल्ला रोज बँकेत. सहा महिन्यांचे खात्याचे उतारे दुकानाच्या विक्रीशी आणि जीएसटी विवरणाशी जुळले पाहिजेत. सोबत तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, गुमास्ता परवाना, जागेची कागदपत्रे आणि मुलांच्या शाळेचे पत्र. अधिकाऱ्याला एकच खात्री हवी असते : हे लोक खर्च करू शकतात आणि परत जातील. चालते दुकान हा परतण्याचा सर्वांत चांगला पुरावा. आईंचा खर्च मुलगा करणार असल्याने तसे त्याचे पत्रही लागेल.

क्रम असा ठरला. पासपोर्ट, मग व्हिसा, मग विमानाचे तिकीट. हॉटेल आधी ठेवायचेच असेल तर फुकट रद्द होणारे. विमा व्हिसा आल्याबरोबर, आणि आईंचा रक्तदाब त्यात न लपवता लिहायचा. लपवला तर ऐनवेळी दावा नामंजूर होतो.

राहायला त्यांनी व्हाइटचॅपल निवडले. २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन हीथ्रो विमानतळावरून थेट तिथे येते. बांगलादेशी वस्ती आहे, हलाल खानावळी जागोजाग, मोठी मशीद चालत्या अंतरावर. शंभर पौंडांच्या आत चांगली खोली क्वचितच मिळते. पाच माणसांना दोन खोल्या लागणार, म्हणून त्यांनी खोलीमागे एकशे दहा पौंड धरले. आठ रात्रींचे १,७६० पौंड झाले. हा सगळ्यात जड आकडा. जेवणाला दिवसाला साठ पौंड, म्हणजे ४८०. खोलीत किटली असते. मसाल्याच्या व्यापाऱ्याने चटण्या-मसाले जरूर न्यावेत, पण खवा-पेढे आणि मांसाचे पदार्थ नेऊ नयेत, ते तिकडे चालत नाहीत.

फिरणे वाटते तितके महाग नाही. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. कार्ड टेकवायचे. एका तासात कितीही बस बदलल्या तरी भाडे एकदाच कापते, पावणेदोन पौंडांच्या आसपास. मेट्रोला मध्यवर्ती भागात दिवसाची कमाल मर्यादा नऊ पौंडांच्या घरात आहे, त्यापुढचा प्रवास फुकट. मात्र प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते, एक कार्ड पाच जणांना चालत नाही. अकरा वर्षांखालच्या मुलाला भाडे नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलीला ऑयस्टर कार्डावर पर्यटक मुलांची सवलत स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून करून घेता येते. दुकानातल्या यंत्राने "रुपये की पौंड?" विचारले तर पौंड म्हणावे. रुपये म्हटले की ते मनमानी दर लावतात.

आणि पाहायचे काय? इथे आम्ही थोडे लांबलो, वाचकांनी क्षमा करावी.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, यांची कायमची दालने फुकट आहेत. पॅकेजमध्ये मात्र बहुधा तिकिटाची ठिकाणे असतात. लालबागच्या माणसाने लंडनला जाण्याआधी एक रविवार राणीच्या बागेत जावे, असे आमचे म्हणणे. तिथले भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली उघडले, तेव्हा त्याचे नाव होते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. लंडनच्या संग्रहालयाला ते नाव १८९९ साली मिळाले. म्हणजे भायखळा पुढे, लंडन मागे! तसेच फोर्टमध्ये राजाबाई टॉवर नीट पाहून घ्यावा. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनावरचे हॉटेल त्यांचेच. ते पाहताना मुलांना बोरीबंदर आठवेल.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानचा लाकडी वाघ आहे. गोऱ्या शिपायाच्या छातीवर बसलेला, आत यंत्र असलेला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इंग्रजांच्या हाती गेला. तिथल्या दालनांची दुरुस्ती चालत असते, म्हणून तो सध्या कुठे मांडला आहे ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. याच संग्रहालयातली वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला.

व्हाइटचॅपलहून चालत ब्रिक लेनला गेले की एका कोपऱ्यावर साधी विटांची इमारत दिसते. १७४३ साली फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांनी ती चर्च म्हणून बांधली. त्यांच्यात रेशमाचे विणकर पुष्कळ होते. पुढे ती मेथॉडिस्टांकडे गेली, मग ज्यूंचे प्रार्थनागृह झाली, आणि १९७६ पासून मशीद आहे. गिरणगावातल्या माणसाला ही इमारत समजावून सांगावी लागत नाही. विणकर येतात, वस्ती बसते, धंदा जातो, दुसरे लोक येतात.

किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर दादरकरांना ठाऊक असेल. १९२१-२२ मध्ये शिकत असताना डॉ. आंबेडकर तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. मुलीने ते आपल्या यादीत सर्वांत वर लिहिले आहे.

आईंना राजवाडा पाहायचा आहे. त्या अजून "राणीचा वाडा"च म्हणतात. बकिंगहॅम राजवाड्याच्या दालनांचे नेहमीचे उन्हाळी दर्शन जुलैमध्ये सुरू होते, म्हणून जूनमध्ये त्यांना पहारा बदलताना बाहेरूनच पाहावा लागेल. त्याऐवजी एक दिवस विंडसरचा किल्ला ठेवला आहे. टॉवर ऑफ लंडनचे तिकीट महाग आहे, पण कोहिनूर तिथे असल्याने ते सोडायला कोणी तयार नाही.

वही पूर्ण झाली तेव्हा दोन्ही पत्रके पिशवीत परत गेली. एका गोष्टीसाठी मात्र ते दादरच्या कंपनीत जाणार आहेत : व्हिसाची फाइल लावून देण्याची फी वेगळी देऊन तेवढेच काम करून घ्यायचे. ते काम त्या लोकांना उत्तम येते. अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मिरचीची गर्दी सुरू होण्याआधी. तोपर्यंत आईंचा पासपोर्ट नव्याने काढायचा आहे. त्यावर माहेरचे नाव आहे आणि आधार कार्डावर सासरचे.