स्वयंपाकघराचा रविवार

शुक्रवारची सायंकाळ झाली की दिल्लीतील केंद्र सरकारच्या कचेऱ्या दोन दिवसांसाठी बंद होतात. फायली कपाटात जातात, दिवे मालवले जातात आणि कर्मचारी मोकळ्या मनाने घराकडे वळतो. १९८५ साली केंद्र सरकारने पाच दिवसांचा आठवडा स्वीकारला, तेव्हापासून रविवारच्या जोडीला शनिवारही मोकळा झाला. परंतु ज्या घराकडे हा कर्मचारी परततो त्या घरातील एक खोली नेमकी त्याच सुमारास अधिक गजबजू लागते. ती खोली म्हणजे स्वयंपाकघर. एरवी सकाळी डबे भरून दिले की दुपारपर्यंत तेथे थोडी उसंत असते. आता मंडळी दोन दिवस घरीच असतात. न्याहारीला नेहमीचे पोहे नकोत, थालीपीठ हवे. दुपारी काही गोडधोड हवे. संध्याकाळी गावाकडचे पाहुणे यायचे आहेत, त्यांच्यासाठी बटाटेवडे हवेत. कचेरीची सुटी जितकी लांबली, तितके स्वयंपाकघराचे काम वाढले.

आठवड्याची सुटी ही काही आपोआप हाती आलेली वस्तू नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभारली, सुटीची मागणी नेटाने लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक विश्रांती हा कामगाराचा हक्क ठरवला. या साऱ्या वाटचालीत त्या कामगाराला रोज दोन वेळा भाकरी करून घालणारीचा रविवार कोणता, हे मात्र कोणी विचारले नाही. या प्रश्नाचा शोध घेण्यास दिल्ली आणि तिच्या परिसरातील गावे फार सोयीची आहेत. चुलीला विसावा देण्याचे जुने आणि नवे असे अनेक मार्ग येथे शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

सुटी कशाला म्हणावे हे ठरवण्यापूर्वी काम कशाला म्हणावे हे पाहिले पाहिजे. रोजच्या स्वयंपाकाचे तीन भाग पडतात. पहिला भाग ठरवण्याचा. आज काय करायचे, घरात काय शिल्लक आहे, कोणाला काय चालत नाही, उद्याच्या डब्याला काय द्यायचे, हा विचार अंथरुणातून उठण्यापूर्वीच सुरू होतो. दुसरा भाग प्रत्यक्ष करण्याचा. निवडणे, चिरणे, मळणे, भाजणे, शिजवणे हे त्यात आले. तिसरा भाग आवरण्याचा. उरलेले अन्न झाकणे, ओटा पुसणे, भांडी घासणे आणि विरजण लावणे झाल्यावाचून दिवस संपत नाही. पाहणाऱ्याच्या नजरेत यांतला दुसरा भागच तेवढा भरतो. पहिला डोक्यात चालतो आणि तिसरा इतरांची जेवणे झाल्यावर, म्हणून ते दोन्ही नजरेआड राहतात.

या कामाचे माप सरकारनेही घेतले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. यात स्वयंपाकाबरोबर झाडलोट, धुणीभांडी इत्यादी कामेही धरलेली आहेत. २०२४ साली हीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली, परंतु ती पुरुषाने उचलली असे दिसत नाही. त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली. शिवाय हा हिशेब काम करणाऱ्या पुरुषांपुरताच आहे. घरकामात मुळीच भाग न घेणाऱ्यांची संख्या पुरुषांमध्ये याहून कितीतरी मोठी आहे.

आता जुन्या मार्गांकडे वळू. दिल्लीला लागून असलेल्या गुरुग्राम येथे शीतलामातेचे प्रसिद्ध मंदिर आहे. होळीनंतरच्या अष्टमीच्या सुमारास दिल्ली, हरियाणा आणि राजस्थान या भागांत ‘बसोडा’ पाळतात, तेव्हा या मंदिरात भाविकांची मोठी गर्दी लोटते. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तेथे या तिथीला चैत्र वद्य अष्टमी म्हणतात. आपल्या पंचांगाप्रमाणे ती फाल्गुन वद्य अष्टमी असते. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, असा नेम आहे. आदल्या रात्री केलेला गोड भात, पुऱ्या आणि गुलगुले यांचा थंड नैवेद्य देवीला दाखवायचा आणि तेच अन्न सर्वांनी खायचे. शीतला ही देवी रोगाची, विशेषतः देवीच्या रोगाची अधिष्ठात्री मानली गेली. अंगाचा दाह शमावा म्हणून तिला थंड अन्न प्रिय, अशी श्रद्धा. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा केली. रोग गेला, पण थंड चुलीचा दिवस राहिला.

महाराष्ट्राला ही कल्पना अपरिचित नाही. श्रावणातील शिळासप्तमी तिचीच बहीण. नागपंचमीला चिरू नये, तळू नये, तवा चढवू नये असा दंडक असून त्या दिवशी पुरणाची दिंडे उकडून करतात. या प्रथांमधून चुलीला आणि तव्याला विश्रांती मिळते, यात संशय नाही. परंतु जरा बारकाईने पाहिले तर निराळेच चित्र दिसते. बसोड्याच्या आदल्या रात्री दोन दिवसांचा स्वयंपाक एकदम करावा लागतो आणि तो करणारी व्यक्ती नेहमीचीच असते. दिंडे उकडणे हे पोळ्या लाटण्यापेक्षा सोपे काम आहे, असे कोणतीही अनुभवी गृहिणी म्हणणार नाही. एकादशीला तर ‘दुप्पट खाशी’ ही म्हणच आहे. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि ज्यांचा उपवास नाही त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक. तात्पर्य, चुलीची सुटी आणि चुलीपुढे बसणारीची सुटी या दोन भिन्न गोष्टी आहेत. परंपरेने पहिली दिली. दुसरी मात्र काही वेळच्या मोकळ्या दुपारीपलीकडे फारशी दिली नाही.

यंत्रयुगाने तरी ती दिली काय? स्वयंपाकाच्या गॅसने धूर गेला, डोळ्यांची आग थांबली आणि वेळही वाचला. हा लाभ फार मोठा आहे, आणि तो अजून सर्वांपर्यंत सारखा पोहोचलेला नाही. तथापि त्याचा एक परिणाम सहसा ध्यानी येत नाही. लाकडाची चूल एकदा विझवली की ती विझत असे. अवेळी आलेल्यालाही थंड भाकरीवर समाधान मानावे लागे. गॅसची शेगडी क्षणात पेटते. त्यामुळे ‘एवढा चहा टाक’, ‘दोन पोळ्या गरम कर’ ही फर्माने दिवसभर सुटू शकतात. काम हलके झाले खरे, पण ते संपण्याची वेळ पुसट झाली.

काम एकीने करण्याऐवजी अनेकींनी मिळून करणे हा दुसरा मार्ग. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून लाखो निर्वासित दिल्लीत आले आणि त्यांच्याबरोबर तंदूर आला. पंजाबच्या खेड्यांत ‘सांझा चुल्हा’, म्हणजे सर्वांचा मिळून एक तंदूर, असे. घरोघरच्या स्त्रिया मळलेली कणीक घेऊन येत आणि एकाच भट्टीत सर्वांच्या रोट्या भाजल्या जात. दिल्लीच्या वस्त्यांतही ही रीत रुजली. थोडे पैसे घेऊन घरच्या कणकेच्या रोट्या भाजून देणारे तंदूरवाले येथे झाले. एका भट्टीच्या उष्णतेत अनेक घरांचे काम होत असल्यामुळे सरपण वाचते आणि दिल्लीच्या ज्येष्ठातल्या उन्हाळ्यात घरही तापत नाही. पण हिशेब केला तर तीन भागांपैकी मधल्या भागाचा काही अंश तेवढा येथे वाटला जातो. ठरवणे, मळणे आणि आवरणे घरीच राहते.

तीनही भाग वाटून घेतल्याचे उदाहरण पाहायचे असेल तर कॅनॉट प्लेसजवळच्या बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात जावे. पुरंदरच्या तहामुळे मराठी माणसाला परिचित असलेल्या मिर्झाराजे जयसिंगांचा वाडा या जागी होता आणि १६६४ साली शिखांचे आठवे गुरू हरकिशन यांचा येथे मुक्काम पडला होता. आज येथील लंगरमध्ये जात, धर्म वा हुद्दा न विचारता प्रत्येकाला पंगतीत बसवून विनामूल्य जेवू घालतात. पाहण्याजोगी गोष्ट अशी की तेथे रोट्या लाटणारे, डाळ ढवळणारे आणि ताटे घासणारे हात स्त्रियांचे असतात तसेच पुरुषांचेही असतात. लंगर हा घरच्या स्वयंपाकाला पर्याय नव्हे. ती सेवा आहे. परंतु रोटी लाटणे पुरुषाच्या हाताला जमत नाही हा समज तेथे एका दुपारीत नाहीसा होतो. गुरुद्वाऱ्यात सेवा म्हणून तासभर भांडी घासणारा गृहस्थ घरी परतल्यावर स्वतःचे ताटही उचलत नसेल, तर अडचण कौशल्याची नाही हे उघड आहे.

तिसरा मार्ग बाहेर जेवण्याचा. दिल्लीत त्याला तोटा नाही. आंध्र भवनाच्या उपाहारगृहात थाळीसाठी रांग लागते. १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्ये निरनिराळ्या राज्यांचे खाद्यपदार्थ एकाच आवारात मिळतात आणि घरची आठवण आलेला मराठी माणूस तेथे वडापाव शोधतो. आता तर २००८ साली दिल्लीत सुरू झालेल्या झोमॅटोसारख्या सेवांमुळे जेवण दाराशी येते. ज्या घराला हे परवडते तेथे एका वेळेपुरते तीनही भाग खरोखरच टळतात.

मात्र येथे एक गोष्ट विसरता येत नाही. एका घरची चूल थंड राहते तेव्हा दुसरीकडे कोठेतरी ती पेटलेली असते. मुंबईच्या गिरणगावात गावाहून एकट्याने आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. सावकारी कर्जात बुडालेल्या या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. काम तेच राहिले, पण त्याला मोल आले आणि मान आला. आज नोएडा आणि गुरुग्रामच्या उंच इमारतींत सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटायला येणारी बाई चार घरचा स्वयंपाक आटोपून पाचवा स्वतःच्या घरी करते. तिची सुटी बहुधा मालकिणीच्या मर्जीवर अवलंबून असते. घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती मिळाली पाहिजे, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली संमत केला. भारताने त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. स्वतःसाठी रविवार मागणाऱ्या गृहिणीने आपल्या स्वयंपाकीणबाईचा वारही त्याच दमात ठरवला पाहिजे, नाहीतर एकीची विश्रांती दुसरीच्या पाठीवर उभी राहील.

हा प्रश्न केवळ घरगुती सोयीचा नाही. खाणावळीत लाटलेली पोळी राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात येते. तीच पोळी घरच्यांसाठी लाटली तर येत नाही. ज्या कामाला मोल नाही त्याला तास नाहीत, आणि ज्याला तास नाहीत त्याला सुटीही नाही, अशी ही साखळी आहे. दिल्लीत अपघाती मृत्यू पावलेल्या एका दांपत्याच्या नुकसानभरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये दिलेल्या निकालात न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मूल्य आहे हे स्पष्ट शब्दांत मांडले आणि त्यासाठी वर सांगितलेल्या २९९ मिनिटांचाच दाखला दिला. ज्या श्रमाची किंमत मृत्यूनंतर न्यायालयात मोजली जाते, त्याची दखल जिवंतपणी घरात घ्यायला काय हरकत आहे?

त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. लोखंड्यांनी मागितलेल्या सुटीचे मर्म असे की तिचा वार ठरलेला होता. ‘जमेल तेव्हा विश्रांती घे’ असे म्हणणे ही सुटी नव्हे. घराने आठवड्यातील एक दिवस, तो शक्य नसल्यास एक वेळ, नेमून द्यावी आणि त्या वेळी तीनही भाग इतरांनी उचलावेत. काय खायचे हे तिला विचारू नये, कारण विचारणे म्हणजे पहिला भाग तिच्याकडेच ठेवणे होय. बेत साधा असावा. दहीपोहे, काकडी, भिजवलेले मूग, फळे आणि डब्यातला लाडू एवढ्यावर एक वेळ निभावते, आणि त्याला शेगडीही लागत नाही. भात थोडा करपला, आमटीत मीठ कमी पडले, तरी त्याची चर्चा नको. जेवणे झाल्यावर ओटा पुसलेला आणि भांडी घासलेली असावीत. सोमवारी सकाळी सिंकमध्ये रविवारची ताटे तिची वाट पाहत असतील, तर ती सुटी नव्हती, काम एक दिवस पुढे ढकलले होते एवढेच.