यंत्र थांबवील त्याचा खाडा

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या अर्जावर पाच हजारांहून अधिक कामगारांनी सह्या केल्या. मागण्या मोजक्याच होत्या. आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार. शिवाय कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. रविवारच्या सुट्टीसाठी १८९० साल उजाडावे लागले. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला, तेव्हा लोखंडे जाऊन सव्वीस वर्षे झाली होती.

कामावर गेलेला माणूस धडधाकट घरी परतावा यासाठी तेव्हापासून आजवर तीन वाटांनी प्रयत्न झाले: कायदा, व्यवस्थापन आणि कारखान्यातला रोजचा रिवाज. या तिसऱ्या वाटेला हल्ली ‘सेफ्टी कल्चर’ म्हणतात. तिन्ही वाटांनी बरेच काही साधले. पण तिन्ही एकाच जागी अडतात. धोका ज्याला सर्वांत आधी दिसतो, त्याच्या हातात काम थांबवण्याची सत्ता नसते. आणि त्याने थांबवलेच, तर त्याचा रोज बुडतो.

कायदा: अपघातामागून येणारा

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट १८८१ चा. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता तो होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास त्याने बंदी केली आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायला सांगितले. त्यामागे केवळ भूतदया नव्हती. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा जड जाऊ लागलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही या कायद्यासाठी आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला आणि पुढची सात दशके तोच आधार राहिला.

त्यातली सर्वांत मोठी दुरुस्ती मात्र भोपाळच्या प्रेतांवरून चालत आली. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटले, तेव्हा ते थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा महिनोन्‌महिने बंद होती, वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरची जोडनळी काढून ठेवलेली होती आणि वायू धुऊन काढणारा स्क्रबर नुसता सज्ज म्हणून उभा होता. खर्च वाचवण्यासाठी माणसेही कमी केलेली होती. १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीनमुळे एक कामगार मेला होता. १९८२ मध्ये खुद्द मूळ अमेरिकी कंपनीच्या तपासणी पथकाने गंभीर उणिवा लिहून दिल्या होत्या. स्थानिक पत्रकार राजकुमार केसवानी यांनी छापून सावध केले होते. कळण्यावाचून काही अडले नव्हते. कळलेल्याला थांबवता येत नव्हते.

१९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवर नवे प्रकरण आले. कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती, रसायनांची माहिती मिळण्याचा हक्क, आरोग्याच्या नोंदी अशा गोष्टी आल्या. दिल्लीतल्या ओलियम गळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘संपूर्ण उत्तरदायित्वा’चे तत्त्व मांडले: धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने काळजी घेतली होती की नाही हा प्रश्नच नाही, हानी झाली की भरपाई द्यायची. १९८७ च्या याच दुरुस्तीत कामगाराला आणखी एक हक्क मिळाला. जिवाला तातडीचा धोका वाटला, तर तो व्यवस्थापनाच्या लक्षात आणून देता येतो. लक्षात आणून देण्याचा हा हक्क आहे, काम सोडून बाजूला होण्याचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या करार क्रमांक १५५ मध्ये मात्र हे दुसरे संरक्षण स्पष्ट आहे: गंभीर धोका दिसून कामापासून दूर झालेल्या कामगाराला त्याचे दुष्परिणाम भोगावे लागू नयेत.

आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता तेरा जुने कायदे पोटात घेऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात स्वागत करण्याजोगे बरेच आहे. कामगाराला नेमणूकपत्र सक्तीचे झाले. सुरक्षा अधिकारी पूर्वी हजार कामगारांच्या कारखान्याला लागे, आता पाचशेंच्या आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशेंच्या कारखान्यालाही लागतो. पण ‘कारखाना’ म्हणवून घ्यायला वीज वापरणाऱ्या जागेत पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. विजेशिवाय चालणाऱ्या जागेत वीसचे चाळीस झाले. निरीक्षकाचे नावही ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाले आहे. म्हणजे मोठ्यांसाठी कायदा घट्ट झाला आणि छोट्यांसाठी सैल. पॉवर प्रेसखाली बोटे जातात ती बऱ्याचदा गाळ्यात, मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या कारखान्यात.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी स्फोट होऊन बारा माणसे गेली. कारखाने हलवण्याची, तपासण्यांची भाषा झाली. २३ मे २०२४ ला त्याच वसाहतीत पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून अधिक जीव गेले. दोन्ही वेळी पुस्तकात कायदा होताच.

व्यवस्थापन: कागद आणि गार्ड

सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड आहे. धोकाच काढून टाका. तो जमत नसेल तर कमी घातक पर्याय वापरा. मग यंत्रात बंदोबस्त करा. मग कामाची पद्धत बदला. आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट, हातमोजे, गॉगल. आपल्याकडे ही उतरंड बहुधा उलटी वाचली जाते. गेटवर हेल्मेटची सक्ती असते आणि आत प्रेसचा गार्ड काढून बाजूला ठेवलेला असतो, कारण गार्ड लावला की तासाला निघणारे नग कमी होतात. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय खाली न येणारा प्रेस किंवा मध्ये हात आला की यंत्र थांबवणारा लाइट कर्टन ही काही नवलाची तंत्रे नाहीत. यंत्र आपोआप थांबवणाऱ्या अशा इंटरलॉकला बायपास करून ‘प्रॉडक्शन काढ’ म्हणणारा सुपरवायझरही नवलाचा नाही.

वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. बोटे तुटलेल्या अनेक कामगारांना राज्य विमा योजनेचे कार्ड अपघात झाल्यावरच हातात पडते, हे त्यातले वारंवार येणारे निरीक्षण. तोवर तो माणूस कागदावर नसतोच.

कागदाची ही गोष्ट आकड्यांतही दिसते. २०१७ ते २०२० या काळात देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत रोज सरासरी तीन कामगार मेले आणि अकरा जखमी झाले, असे केंद्र सरकारच्या, शीव येथून चालणाऱ्या डीजीफास्ली या कारखाना-सुरक्षा संस्थेची आकडेवारी सांगते. एका मृत्यूमागे चार जखमीसुद्धा नाहीत. ब्रिटनमध्ये २०२३-२४ मध्ये १३८ कामगार कामावर मेले आणि मालकांनी कळवलेल्या जखमींची संख्या साठ हजारांवर होती. आपल्याकडचा माणूस जखमी न होता थेट मरतो, असे तर नव्हे. प्रेत लपवता येत नाही, जखम लपवता येते. जखमेची नोंद नाही म्हणून तिच्या कारणाचा शोध नाही, आणि शोध नाही म्हणून पुढचा अपघात ठरलेला.

याच ब्रिटनमध्ये १९७२ च्या रोबेन्स समितीने सांगितले होते की नियमांच्या ढिगाने माणूस वाचत नाही. धोका जे निर्माण करतात आणि जे त्याच्याबरोबर काम करतात, त्यांनीच तो सांभाळायला हवा. त्यातून १९७४ चा कायदा झाला. त्या वर्षी तिथे साडेसहाशेच्या आसपास नोकरदार कामावर मेले होते. पुढची घट अर्थात निव्वळ कायद्याची नव्हे. खाणी आणि जड कारखाने बंद पडले, हाही तिचा भाग आहे. अमेरिकेत अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीची सूत्रे १९८७ मध्ये पॉल ओनील यांनी घेतली. गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात ते नफ्याऐवजी कामगारांच्या दुखापतींवर बोलले. कामाचा दिवस बुडवणाऱ्या दुखापतींचे शंभर कामगारांमागे १.८६ असलेले प्रमाण त्यांच्या कारकिर्दीत ०.२ पर्यंत उतरले. कंपनीचा नफाही वाढला.

रिवाज: कोणाचे ऐकले जाते?

४ मार्च हा आपला राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ मध्ये याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. १४ एप्रिलचा अग्निशमन दिन १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाची आणि त्यात गेलेल्या ६६ अग्निशामक जवानांची आठवण ठेवतो. दोन्ही दिवशी बॅनर लागतात, शपथा होतात, घोषवाक्यांना बक्षिसे मिळतात. रिवाजाची खरी परीक्षा उरलेल्या दिवसांत असते.

ती कशी असते, हे ढाक्याजवळच्या राणा प्लाझाने दाखवले. २३ एप्रिल २०१३ ला आठ मजली इमारतीला तडे दिसले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी पगार कापण्याच्या धाकाने आत घातले गेले. इमारत कोसळली, ११३४ जण मेले. तडा दोघांनाही दिसला होता. बँकेच्या कारकुनाला घरी जाता आले, शिलाई कामगाराला नाही. त्यानंतर जागतिक कंपन्या आणि कामगार संघटनांमध्ये झालेल्या ‘अकॉर्ड’ कराराने म्हणूनच तपासण्यांबरोबर असुरक्षित काम नाकारण्याचा हक्कही लिहून घेतला. न्यायालयात टिकणारा हा करार होता आणि हजारो तपासण्या त्याखाली झाल्या.

आपल्याकडे हा तडा कंत्राटी पद्धतीतून गेला आहे. कायम कामगाराला युनियन असते, त्याचे ऐकावे लागते. टाकी साफ करायला, छपरावर चढायला, शटडाउनमध्ये रिअ‍ॅक्टर उघडायला ठेकेदाराचा माणूस असतो. त्याने ‘गॅस तपासल्याशिवाय उतरत नाही’ म्हटले, तर उद्या नाक्यावरून दुसरा येतो.

आणि हे फक्त स्फोटांचे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी कामामुळे २९.३ लाख माणसे मरतात. त्यांतली सुमारे २६ लाख आजारांनी, ३.३ लाख अपघातांनी. आजाराला पंचनामा नसतो. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस एक दिवसाच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळतो. दगडखाणीतल्या कामगाराचा सिलिकोसिस क्षयरोग म्हणून खपून जातो. बीडच्या ऊसतोडीत तर याचे सगळ्यात कडवे रूप दिसले. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी; तिने आधीच उचल घेतलेली असते. एक दिवस बसले की खाडा, खाड्याला दंड. पाळीतल्या दुखण्याने खाडा नको म्हणून बायकांनी गर्भाशये काढून टाकल्याचे २०१९ मध्ये गाजले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिथे ना यंत्र होते ना गार्ड. न थांबण्याची सक्ती मात्र तीच होती.

तर करायचे काय?

निरीक्षक वाढवावेत, छोट्या कारखान्यांना गार्ड बसवण्यासाठी स्वस्त कर्ज द्यावे, मोठ्या कंपन्यांनी पुरवठादाराच्या गाळ्यातल्या बोटांची जबाबदारी घ्यावी, हे सगळे हवेच. पण पहिली दुरुस्ती एका ओळीची आहे: धोका दिसल्यावर काम थांबवणाऱ्या कामगाराचा, मग तो कंत्राटी का असेना, त्या दिवसाचा रोज आणि दुसऱ्या दिवसाचे काम कायद्याने सुरक्षित असावे. लोखंड्यांनी जखम झाल्यावरचा पगार मागितला होता. आज जखम होण्याआधीचा मागायला हवा.

दिवाळी अंकाचा वाचक कारखानदार नसेल, पण कोणत्या तरी सोसायटीचा सभासद असेलच. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. सोसायटीची टाकी साफ करायला ठेकेदार येईल, तेव्हा यंत्र आणले आहे का ते विचारा. बाहेरच्या भिंतीला रंग द्यायला माणूस लटकेल, तेव्हा दोर आणि पट्टा पाहा. आणि तो ‘आज नको, धोका आहे’ म्हणाला, तर त्याचे त्या दिवसाचे पैसे कापू नका.