गिटारचे घरगुती परिणाम-पेडल : जोडणीतील क्षुल्लक चुका

विद्युत् गिटारचा स्वर विवर्धकाकडे जाण्यापूर्वी त्यात हेतुपुरस्सर बदल घडवून आणणाऱ्या, पायाने चालू-बंद करावयाच्या लहान पेटीस परिणाम-पेडल म्हणतात. काही रोधक, धारित्रे व दोन-तीन ट्रॅन्झिस्टर एवढ्यावर ते उभे राहत असल्याने हौशी मंडळी ते घरीच तयार करतात. त्यांच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा बालिश असतात. त्यांचा शोध मात्र तितका सोपा नसतो. रेडिओतील चूक आवाज बिघडवून स्वतःला उघड करते. ‘फझ’ जातीच्या पेडलचे कार्यच आवाज बिघडविणे हे असल्यामुळे तेथे दोष कोणता आणि परिणाम कोणता, हे कानाला ठरविता येत नाही. या पेडलचा उगमही एका बिघाडातच आहे. मार्टी रॉबिन्सच्या १९६१ मधील ‘डोन्ट वरी’ या ध्वनिमुद्रिकेत नॅशव्हिल येथील यंत्राच्या दोषामुळे ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा स्वर फाटला. तो लोकांना आवडला, आणि १९६२ साली तसाच स्वर मुद्दाम उत्पन्न करणारे ‘मेस्ट्रो फझ-टोन’ गिब्सन कंपनीने बाजारात आणले.

सर्वांत फसवी चूक ट्रॅन्झिस्टरची. आकृतीतील चिन्हावरून त्याचा कोणता पाय कोठे आहे, हे कळत नाही. सपाट बाजू समोर व पाय खाली धरले असता २एन ३९०४ चे पाय डावीकडून उत्सर्जक, आधार, संग्राहक असे येतात. बीसी ५४७ मध्ये हा क्रम नेमका उलटा असतो. एकाऐवजी दुसरा त्याच दिशेने बसविला की आधार जागेवर राहतो व उरलेल्या दोहोंची अदलाबदल होते. अशा वेळी मंडल मुके झाले असते तर बरे. परंतु उलटा ट्रॅन्झिस्टरही काम करतो, केवळ त्याचे प्रवाह-विवर्धन अत्यल्प होते. आवाज क्षीण व खरखरीत निघतो, आणि करणारा तेच आराखड्याचे वैशिष्ट्य समजून समाधान मानतो. येथे व्होल्टमापकच उपयोगी पडतो. लंडनच्या आर्बिटर कंपनीच्या १९६६ मधील ‘फझ फेस’ या दोन ट्रॅन्झिस्टरांच्या मंडलात दुसऱ्याच्या संग्राहकावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे ४.५ व्होल्टच्या आसपास, दाब असावा लागतो.

धारित्रावरील ४७३ हा अंक ४७,००० पिकोफॅरड दर्शवितो, ४७२ हा ४,७००. ही गफलत झाल्यास खर्जाच्या तारा पातळ वाजतात, एवढेच.

मूळ ‘फझ फेस’मधील जर्मेनियम ट्रॅन्झिस्टर पीएनपी जातीचे असल्याने त्यात धन टोक भूमीस जोडलेले असते. इतर बहुतेक पेडलमध्ये ऋण टोक भूमीस असते. दोहोंना एकाच पुरवठ्यावर चालविले तर स्वरवाहक तारेच्या बाह्य वेष्टनातून दोन्ही भूमी एकत्र येतात आणि पुरवठ्याची दोन टोके थेट जोडली जातात.

उघडी असता उत्तम वाजणारी पेटी झाकण लावताच मुकी होते, हा प्रकार तर नित्याचाच. प्लग घातल्यावर सॉकेटमधील टोकाची पट्टी बाहेर सरकून धातूच्या भिंतीस टेकते व स्वर भूमीत जातो. भिंतीस विद्युत्-रोधक पट्टी चिकटविली की काम भागते. पण हे ध्यानात येईपर्यंत पुष्कळदा निम्मा डाख उकलून झालेला असतो.