नेणिवेच्या शोधाची वीस वर्षं

कार्ल गुस्ताव युंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्वप्नं, मंडलं, पुराणकथा आणि सामूहिक नेणीव येते. हा माणूस पहिल्यापासून गूढाच्या वाटेला लागलेला होता, असा समज त्यातून पक्का होत जातो. १९०० ते १९२१ हा काळ सलग नजरेखालून घातला की तो समज टिकत नाही. ज्याला पुढे विश्लेषणात्मक मानसशास्त्र हे नाव मिळालं, त्याची पायाभरणी एका सरकारी मनोरुग्णालयात झाली आणि त्या वेळी युंगच्या हातात स्टॉपवॉच होतं. पुढची सगळी वळणं, अगदी वादग्रस्त वळणंसुद्धा, तिथूनच वाचायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

१९००च्या डिसेंबरात युंग झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयात रुजू झाला. वय पंचवीस, वडील स्वित्झर्लंडमधल्या खेड्यातले पाद्री, शिक्षण बाझेलला. रुग्णालयाचे प्रमुख होते ऑयगेन ब्लॉयलर. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द पुढे त्यांनीच रूढ केला. त्या काळच्या मनोविकारतज्ज्ञांचा बहुतेक वेळ आजाराला नाव देण्यात जायचा. रुग्ण जे बोलतो ती बडबड, असं धरूनच काम चालायचं. ब्लॉयलर मात्र रुग्णांशी त्यांच्याच स्विस बोलीत बोलत. डॉक्टरांनी रुग्णालयाच्या आवारातच राहावं, दारूला शिवू नये आणि रुग्णाचं म्हणणं ऐकून घ्यावं, असा त्यांचा शिरस्ता होता. युंगच्या पुढच्या कामाचं बरंचसं श्रेय या शिरस्त्याला द्यायला हवं. ते फारसं दिलं जात नाही.

तिथे एक म्हातारी होती. चाळीसेक वर्षं अंथरुणावर, बोलणं जवळजवळ नाही, पोटात जायचा तो पातळ आहार. तिचे हात मात्र सारखे एका ठरावीक लयीत हलत असायचे. तरुण डॉक्टरांना शिकवताना आजाराचा नमुना म्हणून तिला दाखवलं जाई आणि सगळे पुढच्या खाटेकडे वळत. एका संध्याकाळी युंगने मुख्य परिचारिकेला त्या हातांबद्दल विचारलं. तिने आपल्या आधीच्या बाईंकडून ऐकलेलं सांगितलं: ही पूर्वी जोडे शिवायची म्हणे. जुन्या नोंदींतही तसाच उल्लेख सापडला. गुडघ्यांमध्ये जोडा धरून चांभार दोरा ओढतो, अगदी तशीच ती हालचाल होती. म्हातारी गेल्यावर अंत्यविधीला तिचा थोरला भाऊ आला. बहिणीच्या डोक्यावर परिणाम कशाने झाला, असं युंगने विचारलं. भाऊ म्हणाला, तिचा एका चांभारावर जीव जडला होता, त्याने लग्नाला नकार दिला आणि तेव्हापासून ती हातची गेली.

या शोधाचा त्या बाईला काहीही उपयोग झाला नाही. मात्र वेडेपणाच्या हालचालीतही एक अख्खं आयुष्य दडलेलं असतं, ही खात्री युंगला अशा रुग्णांनी दिली. १९०७ साली ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’वर, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या तेव्हाच्या नावावर ओळखल्या जाणाऱ्या आजारावर, त्याने जे पुस्तक लिहिलं, त्याच्या मुळाशी हीच खात्री आहे.

नुसती खात्री पुरेशी नव्हती, पुरावा हवा होता. फ्रान्झ रिकलिन या सहकाऱ्याबरोबर युंगने शब्दसाहचर्याचे प्रयोग हाती घेतले. पद्धत साधी. शंभर शब्दांची यादी: डोकं, हिरवा, पाणी, गाणं, मृत्यू अशी सुरू होणारी. एकेक शब्द उच्चारायचा, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि मध्ये किती वेळ गेला ते सेकंदाच्या पाचव्या हिश्शापर्यंत मोजून टिपायचं. ही पद्धत त्याच्या आधीही होती. तिच्यातून विचारांची जुळणी कशी होते हे संशोधक पाहत, आणि कुणी अडखळला, गप्प बसला, तर ती चूक म्हणून बाजूला टाकत. युंगने नेमकं तेच उचललं. कुठे उत्तर लांबलं, कुठे मूळ शब्दच पुन्हा उच्चारला गेला, कुठे उगाच हसू आलं, आणि यादी दुसऱ्यांदा घेतल्यावर कुठलं उत्तर आठवेना, हे तो पाहू लागला.

१९३५च्या लंडनमधल्या व्याख्यानांत त्याने यातलं एक उदाहरण सांगितलं आहे. पस्तिशीतला चांगला धडधाकट माणूस. बहुतेक उत्तरं झटकन आली. ‘सुरी’, ‘भाला’, ‘मारणं’, ‘टोकदार’, ‘बाटली’ या पाच शब्दांना मात्र वेळ लागला. युंग त्याला म्हणाला, तुमच्या बाबतीत असा वाईट प्रसंग घडला असेल याची मला कल्पना नव्हती. गृहस्थ चमकला. युंगने अंदाज पुढे मांडला: दारूच्या नशेत तुम्ही कुणावर तरी सुरी चालवली आहे. त्याने सगळं कबूल केलं. तो अब्रूदार घराण्यातला होता. परदेशात दारूच्या अमलाखाली भांडण झालं, त्याने सुरी खुपसली आणि वर्षभर तुरुंगात काढलं. ही गोष्ट त्याने लपवून ठेवली होती.

त्या माणसाला तुरुंग आठवत होता, तेव्हा ही नेणिवेतली गोष्ट नव्हे, असं कुणी म्हणेल. आठवत होता हे खरं, पण उत्तर लांबवायचं त्याने ठरवलेलं नव्हतं. त्याच्या मर्जीला न विचारता आतून कुणीतरी पाय अडवत होतं. भावनेने भारलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या अशा आठवणींच्या पुंजक्याला युंगने ‘कॉम्प्लेक्स’ हा शब्द वापरला. तो पुंजका आपल्या मालकीचा असतो, पण आपल्या हुकमात नसतो. पुढे त्याने माणसाच्या हातापायांना गॅल्व्हानोमीटर लावून त्वचेच्या विद्युतवहनातले बदलही टिपले. विश्लेषणात्मक मानसशास्त्राची ओळख करून घ्यायची तर मी नवख्या वाचकाला आधी या प्रयोगांपाशी नेईन. आदिबंध आणि मंडलं नंतर येतील.

याच प्रयोगांमुळे व्हिएन्नाचं दार उघडलं. दडपलेल्या गोष्टी आत राहून कारभार चालवतात, हे तिथला मनोविश्लेषक फ्रॉइड आधीपासून सांगत होता आणि विद्यापीठीय जग त्याला दाद देत नव्हतं. झुरिकच्या नामवंत रुग्णालयातून आकडेवारीसह पाठिंबा येणं ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट होती. ३ मार्च १९०७ रोजी दोघं पहिल्यांदा भेटले आणि युंगच्या म्हणण्यानुसार तेरा तास बोलत बसले. १९१० साली आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटना स्थापन झाली तेव्हा फ्रॉइडने अध्यक्षपदावर युंगलाच बसवलं.

बिनसलं कशावरून, याची उत्तरं अनेक आहेत. मला एक स्वप्न महत्त्वाचं वाटतं. १९०९ साली दोघं अमेरिकेला, वूस्टरच्या क्लार्क विद्यापीठात व्याख्यानांसाठी निघाले होते. बोटीवर एकमेकांची स्वप्नं तपासणं चालू होतं. युंगला स्वप्नात एक घर दिसलं. वरचा मजला जुन्या पण उंची सामानाने सजलेला, तळमजला पंधराव्या-सोळाव्या शतकातला. खाली रोमन काळचं तळघर, आणि त्याच्या फरशीतला दगड उचलल्यावर आणखी खाली गुहा. गुहेत धूळ, हाडं, फुटकी भांडी आणि दोन कवट्या. फ्रॉइड कवट्यांपाशी अडकला: कुणाच्या त्या, कुणाचा मृत्यू मनात आहे? युंगने खोटंच सांगितलं की बायकोची आणि मेव्हणीची. त्याचं स्वतःचं लक्ष मजल्यांवर होतं. व्यक्तीच्या आयुष्यात साठलेलं सगळं संपल्यावरही खाली काही उरतं आणि ते एकट्याच्या मालकीचं नसतं, असं त्याला जाणवत होतं. सामूहिक नेणिवेची पहिली चाहूल त्याला इथे दिसली. हा वृत्तान्त त्याच्या आठवणींच्या पुस्तकातला आहे, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. ऐंशी ओलांडल्यावर त्याने त्या सांगितल्या आणि आनिएला याफे यांनी त्यांची मांडणी केली. पन्नास वर्षांनी सांगितलेल्या स्वप्नावर उत्तरायुष्याची सावली पडलेली असणारच.

१९११-१२मध्ये युंगचं लिबिडोवरचं पुस्तक आलं. त्यात मानसिक ऊर्जा लैंगिकतेपुरती मर्यादित नाही असं त्याने उघड मांडलं. १९१३च्या जानेवारीत फ्रॉइडने पत्राने वैयक्तिक संबंध तोडले, सप्टेंबरात म्युनिकच्या परिषदेत दोघं शेवटचे समोरासमोर आले. त्याच वर्षी युंगने स्वतःच्या मार्गाला ‘विश्लेषणात्मक मानसशास्त्र’ म्हणायला सुरुवात केली.

आता अडतीस वर्षांच्या या माणसापाशी ना रुग्णालय होतं, ना संघटना उरणार होती. ऑक्टोबरात आगगाडीच्या प्रवासात त्याला जागेपणी एक दृश्य दिसलं: उत्तर समुद्र आणि आल्प्स यांच्यामधला सगळा प्रदेश पुराने भरला आहे, पिवळ्या लाटांवर मोडतोड आणि प्रेतं तरंगताहेत, आणि मग पाण्याचं रक्त झालं. आपल्याला वेड लागतंय या भीतीने त्याला घेरलं. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं, आणि आपण पाहिलं ते फक्त आपल्यापुरतं नव्हतं असा निष्कर्ष त्याने काढला. हा निष्कर्ष मी जसाच्या तसा स्वीकारत नाही. १९१२-१३ची युरोपातली वर्तमानपत्रं बाल्कन युद्धांनी भरलेली होती. संवेदनशील माणसाच्या मनाने त्यातून पूर उभा केला, तर त्यासाठी भविष्यज्ञान लागत नाही.

त्यानंतर त्याने जे केलं त्याबद्दल मात्र मला निखळ आदर आहे. १२ डिसेंबर १९१३ रोजी लिहायच्या टेबलापाशी बसून त्याने स्वतःला मुद्दाम आत उतरू दिलं. जी दृश्यं आली ती हाकलली नाहीत, त्यांच्यात वाहूनही गेला नाही. समोर येणाऱ्या आकृत्यांना त्याने प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं टिपली, पटलं नाही तिथे वाद घातला. रात्री काळ्या पुठ्ठ्याच्या वह्या भरायच्या, दिवसा रुग्ण तपासायचे, मुलाबाळांचं बघायचं, सैन्यातल्या डॉक्टरकीची पाळी आली की तिकडे जायचं. आपल्याला बायको-मुलं आहेत, रुग्ण आहेत, क्युसनाख्तच्या घराचा पत्ता आहे, याच गोष्टींनी आपल्याला जमिनीवर ठेवलं असं तो पुढे सांगायचा. वेड लागलेल्या तत्त्वज्ञ नीत्शेला तो आधार नव्हता, हेही तो जोडायचा. जेवणानंतर तो सरोवराकाठी दगड जमवून लहान मुलासारखी घरं रचत बसे.

त्या आकृत्यांपैकी फिलेमॉन हा शिंगं असलेला म्हातारा, त्याला खंड्या पक्ष्याचे पंख. युंग त्याचं चित्र काढत होता, त्याच दिवसांत घराच्या बागेत त्याला मेलेला खंड्या सापडला. झुरिकच्या आसपास तो पक्षी क्वचितच दिसतो. फिलेमॉनने युंगला शिकवलं ते एवढंच: विचार तू घडवतोस असं समजू नकोस, जंगलात जनावरं भेटावीत तसे ते तुला भेटतात. कॉम्प्लेक्सबद्दल स्टॉपवॉचने जे दाखवलं होतं, त्याचाच हा दुसरा प्रत्यय. आधी दुसऱ्याच्या अडखळण्याकडे पाहणारा डॉक्टर आता स्वतःच्या अडखळण्याकडे तितक्याच चिकाटीने पाहत होता. या सरावालाच पुढे ‘सक्रिय कल्पना’ म्हटलं गेलं आणि युंगपंथी उपचारात ती आजही वापरली जाते.

काळ्या वह्यांतला मजकूर त्याने पुढे लाल चामड्याच्या मोठ्या ग्रंथात सुलेखनात उतरवला, सोबत चित्रं काढली. दुसरीकडे संकल्पना आकार घेत होत्या. १९१६च्या लेखनात ‘सामूहिक नेणीव’ आली, १९१९मध्ये ‘आदिबंध’. युद्धाच्या अखेरीस शातो-देच्या छावणीत नेमणूक असताना तो रोज सकाळी वहीत एक वर्तुळाकार आकृती, म्हणजे मंडल, काढी आणि त्या वेळच्या मनःस्थितीशी ती ताडून पाही. १९२१ साली ‘मानसिक प्रकार’ हा ग्रंथ आला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द त्यातून जगभर पसरले. एकाच रुग्णाकडे पाहून फ्रॉइड आणि त्याचा एके काळचा सहकारी अ‍ॅडलर वेगवेगळं का सांगतात, या प्रश्नातून ते पुस्तक निघालं होतं.

पुढची चाळीस वर्षं मी इथे धावतीच घेतो. १९३७च्या डिसेंबरात तो मुंबईत उतरला, विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवासाठी कलकत्त्याला गेला, आजारी पडून तिथल्या रुग्णालयात राहिला. युरोपियनांनी योगाची नक्कल करू नये, असं त्याने त्याआधीच ‘प्रबुद्ध भारत’मध्ये लिहिलं होतं. आणि १९३४ साली, नाझी सत्तेत असताना, त्याने आर्य आणि ज्यू नेणिवेत फरक असल्याचं छापून आणलं. स्वतःची काळी बाजू दुसऱ्यावर लादायची माणसाला सवय असते, हे ज्याने ‘सावली’ या संकल्पनेतून शिकवलं, त्याने ते लिहावं याचं मला आजही दुःख होतं. सामूहिक नेणिवेची कल्पना वंशाच्या भाषेत किती सहज घसरू शकते, हे त्याच्या वाचकाने कायम ध्यानात ठेवायला हवं.

१९६१ साली युंग गेला. लाल ग्रंथ कितीतरी वर्षं स्विस बँकेच्या तिजोरीत होता. सोनू शामदासानी यांच्या संपादनाखाली तो २००९मध्ये छापला गेला, काळ्या वह्या २०२०मध्ये आल्या. या कागदपत्रांमुळे त्या वीस वर्षांचा अभ्यास नव्याने सुरू झाला.

त्याच्याही आधी, १९७७ साली, जिनिव्हात आणखी काही कागद सापडले होते, आणि माझ्या मते त्यांची दखल अजून पुरेशी घेतलेली नाही. ते सबिना श्पीलराइनचे होते: तिची रोजनिशी, युंग आणि फ्रॉइड यांच्याशी झालेला पत्रव्यवहार. १९०४च्या ऑगस्टमध्ये रशियातून आलेली ही अठरा वर्षांची मुलगी बुर्गहोल्झ्लीत दाखल झाली. युंगने फ्रॉइडची पद्धत पहिल्यांदा वापरून पाहिली ती हिच्यावर. ती बरी झाली, वैद्यकी शिकली, शब्दसाहचर्याच्या कामात मदतीला होती. पुढे दोघांचे संबंध डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मर्यादेत राहिले नाहीत, आणि बोभाटा व्हायची वेळ आली तेव्हा युंगने स्वतःला सावरलं, तिला नाही. तरीही ती मोडली नाही. १९११मध्ये तिने झुरिकला डॉक्टरेट मिळवली, पुढच्या वर्षी तिचा विनाशातून निर्मिती होते हे मांडणारा निबंध आला आणि फ्रॉइडने १९२०च्या पुस्तकात तळटीपेत त्याचा उल्लेख केला. जिनिव्हात जाँ पियाजेने काही काळ तिच्याकडून मनोविश्लेषण करून घेतलं. ती रशियात परतली आणि १९४२ साली रोस्तोव्हमध्ये नाझींनी तिला दोन्ही मुलींसह मारलं. युंगच्या आठवणींच्या पुस्तकात तिचं नाव नाही. या वीस वर्षांच्या इतिहासात ते ब्लॉयलर आणि रिकलिन यांच्या शेजारी लिहिलं गेलं पाहिजे, प्रेमप्रकरणाच्या प्रकरणात नव्हे.