म्युनिकच्या सुवर्णपदकापलीकडे : नेमबाज तेजस्विनी सावंत यांच्या कारकिर्दीचे एक आकलन

प्रस्तावना

स्त्री-नेमबाजांविषयीच्या लोकप्रिय कथनात एक साचा दिसून येतो. अचूक नेम ही जन्मजात देणगी मानली जाते आणि एखाद्या थरारक क्षणाभोवती संपूर्ण आयुष्य गुंफले जाते. अमेरिकेतील ॲनी ओकली (1860–1926) यांच्याबाबतीत हेच घडले. तमाशाच्या रिंगणातील त्यांची निशाणेबाजी सर्वांना ठाऊक असते. परंतु 1903 साली वृत्तपत्रांनी छापलेल्या खोट्या बदनामीकारक बातमीविरुद्ध त्यांनी पंचावन्न दावे गुदरले आणि एकाचा अपवाद वगळता ते सर्व यशस्वीपणे तडीस नेले, याची नोंद क्वचितच घेतली जाते. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांची प्रतिमाही अशाच एका दिवसापुरती सीमित झाली आहे. त्या दिवसापलीकडील कारकीर्द समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जगज्जेतेपद आणि त्याची मर्यादा

ऑगस्ट 2010 मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत तेजस्विनी यांनी 50 मीटर रायफल प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून सुवर्णपदक पटकावले. ही तत्कालीन विश्वविक्रमाची बरोबरी होती आणि नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला होती. त्याच वर्षाच्या प्रारंभी त्यांचे वडील, नौदलात सेवा केलेले रवींद्र सावंत, यांचे निधन झाले होते. साहजिकच वृत्तपत्रांनी दुःखावर मात करणाऱ्या कन्येची कथा रंगवली. ती खोटी नव्हती, अपुरी होती.

597 या आकड्याचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. पन्नास मीटर अंतरावरून, साठ गोळ्यांत केवळ तीन गुण गमवायचे, तर एका अचूक नेमाचे कौतुक फारसे उपयोगाचे नसते. तीच क्रिया साठ वेळा जशीच्या तशी करता येणे महत्त्वाचे ठरते. श्वासाची लय, गालाचा रायफलच्या दस्त्यावरील दाब, पट्ट्याचा ताण आणि वाऱ्याची दिशा यांपैकी काहीही किंचित बदलले की गोळी नऊच्या वर्तुळात जाते. खेळाडूचे कौशल्य प्रामुख्याने या पुनरावृत्तीत असते, आणि नेमके तेच प्रेक्षकांना कंटाळवाणे वाटते.

आणखी एक बाब लोककथेतून पूर्णपणे निसटली आहे. महिलांचा स्वतंत्र प्रोन प्रकार ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. त्यामुळे जगज्जेतेपद मिळूनही त्या पदकाच्या बळावर ऑलिम्पिकचा कोटा मिळणे शक्य नव्हते. 2012 चे लंडन आणि 2016 चे रिओ, या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये तेजस्विनी नव्हत्या. सर्वसामान्य वाचकाला हे अपयश वाटते. वस्तुतः त्यात खेळाच्या नियमावलीचाही मोठा वाटा होता.

साधनांचा प्रश्न

त्यांची जडणघडण कोल्हापुरात जयसिंग कुसाळे यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. नेमबाजी हा मध्यमवर्गीय घराला न परवडणारा खेळ आहे. परदेशी बनावटीची रायफल, ताठ जॅकेट आणि रोज संपणारी काडतुसे यांसाठी पैसा उभा करताना वडिलांची मोठी धावपळ झाली. 10 मीटर एअर रायफलचा सराव एखाद्या लांब खोलीतही सुरू करता येतो. अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजाची वाटचाल तर मुंबईतील कीर्ती महाविद्यालयाच्या एन.सी.सी.मधून झाली. 50 मीटरसाठी मात्र परवान्याचे शस्त्र, गोळी अडवणारी भिंत आणि मोकळी जागा लागते. मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीच्या शहरातील महाविद्यालयाने हा खेळ सुरू करावयाचे ठरविल्यास पहिली अडचण गुणवत्तेची नसून जागेची असेल.

दीर्घ उत्तरार्ध

तेजस्विनी यांनी 2006 च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत एअर रायफलमध्ये वैयक्तिक व सांघिक अशी दोन सुवर्णपदके मिळवली होती. बारा वर्षांनी, 2018 मध्ये गोल्ड कोस्ट येथे त्यांनी प्रोनमध्ये रौप्य आणि 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये सुवर्णपदक जिंकले. गुडघ्यावर, पालथे पडून व उभे राहून अशा तीन स्थितींत खेळला जाणारा हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट आहे. हा बदल साधा नव्हता. गोल्ड कोस्टला प्राथमिक फेरीत साठ गोळ्या होत्या. महिला व पुरुषांचे नियम समान केल्यानंतर ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीसाठी त्या एकशेवीस झाल्या. समानतेचे हे पाऊल स्वागतार्हच, परंतु चाळिशीकडे झुकलेल्या खेळाडूसाठी त्याचा अर्थ दुप्पट श्रम असा होता. नोव्हेंबर 2019 मध्ये दोहा येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी प्राथमिक फेरीत 1200 पैकी 1171 गुण नोंदवले आणि भारतासाठी ऑलिम्पिक कोटा मिळवला. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांनी पदार्पण केले. तेथे 1154 गुणांसह त्या तेहेतिसाव्या आल्या.

हा क्रमांक गौरवग्रंथात शोभणारा नाही, म्हणूनच तो बहुधा गाळला जातो. मात्र जगज्जेतेपदानंतर अकरा वर्षे, वेगळ्या प्रकारात आणि बदललेल्या नियमांनुसार पुन्हा पात्रता सिद्ध करणे हे म्युनिकच्या एका दिवसापेक्षा अधिक अभ्यासनीय आहे. दरम्यान त्या राज्याच्या क्रीडा विभागात कार्यरत होत्या आणि नव्या खेळाडूंना मार्गदर्शनही करीत होत्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा त्यांपैकी एक. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने पुरुषांच्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधव यांच्या 1952 मधील हेलसिंकीच्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते.