लहरीच्या टपावरचं वर्तमानपत्र

मागच्या महिन्यात या पानावर मध्यम लहरींबद्दल लिहिलं होतं. ते वाचून जवळा बाजारहून एका मुलाचा फोन आला. परभणी-हिंगोली रस्त्यावरचं, औंढा नागनाथ तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. मुलगा बारावीला आहे. म्हणाला, "सर, आमच्या आजोबांना काचबिंदू झाला, दोन्ही डोळे गेले. सकाळपासून परभणी केंद्र लावून बसतात. पण म्हणतात, रेडिओ बातम्या सांगतो, पेपर वाचून दाखवत नाही. रेडिओवर पेपर नाही का वाचता येणार?"

पेपरातलं काय हवं असतं त्यांना, असं मी विचारलं. उत्तर तयार होतं. हळदीचा भाव, कांडीचा वेगळा आणि गट्टूचा वेगळा. कोण वारलं. महावितरण कुठल्या दिवशी वीज बंद ठेवणार. जमिनीच्या व्यवहाराच्या जाहीर नोटिसा. आणि औंढ्याला त्या लिगोचं, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं, काम कुठवर आलं. राज्याच्या बातमीपत्रात यातलं क्वचितच काही बसतं, आणि आजोबांचा दिवस तर यावरच उजाडायचा.

रेडिओवर पेपर वाचता येतो. तो वाचायला सुरुवात झाली त्याला अर्धशतक उलटून गेलं. २ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, कॉलेजविल इथल्या एका एफएम केंद्राच्या लहरीवरून दृष्टिहीनांसाठी वाचन सुरू झालं. ते सुरू करणारे दोघे: राज्याच्या अंधसेवा विभागाचे स्टॅनली पॉटर हे हाडाचे हौशी रेडिओवाले, आणि रॉबर्ट वॉटसन हे अभियंता. वाचणारे स्वयंसेवक: कोणी शिक्षक, कोणी गृहिणी, कोणी निवृत्त. त्या दिवसाचा पेपर त्या दिवशी, शब्द न गाळता. गंमत अशी की ज्या लहरीवर हे वाचन चालायचं तीच लहर घराघरांतल्या साध्या रेडिओवर संगीत वाजवत असायची, आणि संगीत ऐकणाऱ्याला वाचनाचा एक शब्दही ऐकू यायचा नाही.

हे कसं जमलं ते समजायला आपली जुनी लाल एसटी डोळ्यांसमोर आणा. मागे शिडी होती आणि टपावर सामान चढायचं, ती. एफएम केंद्राची लहर म्हणजे अशी एक गाडी. आत बाकांवर बसलेला असतो नेहमीचा कार्यक्रम, ० ते १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज. १९ किलोहर्ट्झवर एक बारीक अखंड सूर असतो. तो कंडक्टर समजा. त्याने घंटी दिली की रेडिओला कळतं, हा कार्यक्रम स्टिरिओ आहे, डावा-उजवा आवाज वेगळा करायचाय. त्यासाठी लागणारा मजकूर २३ ते ५३ किलोहर्ट्झमध्ये बसतो. आणि त्याच्याही वर, ६७ किलोहर्ट्झच्या आसपास, टप मोकळा. तिथे आणखी एक छोटी लहर चढवता येते, लहरीच्या पाठीवर लहर. साध्या रेडिओतली गाळणी वरचं सगळं गाळून टाकते, कारण त्या रेडिओला शिडीच नाही. शिडी असलेला रेडिओ वेगळा बनवावा लागतो. मिनेसोटाने तो बनवून घेतला आणि श्रोत्यांना वापरायला दिला. टपावर जागा थोडीच, पाचेक किलोहर्ट्झ आवाजापुरती. तिथे सतार खुलणार नाही. माणसाचं बोलणं मात्र छान ऐकू येतं.

ही टपाची जागा ज्याने शोधली तो माणूस माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, आणि त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात कुठे येत नाही. एडविन आर्मस्ट्राँग. त्याचं काम समजायला जवळा बाजारची वळवाची संध्याकाळ पुरे. आभाळ भरून येतं, लांब कुठेतरी वीज लवते आणि रेडिओ 'खर्रर्र' करतो. परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर आहे, म्हणजे त्याची लहर सुमारे २३० मीटर लांब. त्या लहरीत आवाज लिहिलेला असतो तो तिच्या उंचीत, आणि विजेचा लोळही लहरीची उंचीच विस्कटतो. रेडिओला दोन्हींतला फरक कळत नाही. ही खरखर घालवण्यासाठी आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं झटला आणि शेवटी त्याने प्रश्नच उलटा केला: आवाज उंचीत लिहायचाच नाही, लहरीच्या कमीजास्त होणाऱ्या कंपनसंख्येत लिहायचा. मग विजेने उंची कितीही विस्कटली तरी मजकूर शाबूत. डिसेंबर १९३३ मध्ये त्याला याची पेटंटं मिळाली. तीच आजची एफएम.

पुढचं मला परत परत आठवतं. नोव्हेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरून त्याने एकाच लहरीवर एकाच वेळी चार गोष्टी पाठवून दाखवल्या: रेडिओचे दोन कार्यक्रम, एक तारसंदेश, आणि चौथी गोष्ट म्हणजे 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानाचं चित्र. न्यू जर्सीतल्या हॅडनफिल्ड गावी ते पान कागदावर उतरलं. एफएमच्या टपावर अगदी सुरुवातीला चढलेल्या सामानात वर्तमानपत्र होतं! आजोबांची मागणी आर्मस्ट्राँगला लगेच समजली असती.

त्याचं पुढे फार वाईट झालं. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टाच हलवला आणि लोकांनी विकत घेतलेले रेडिओ एका फटक्यात निरुपयोगी झाले. बड्या कंपन्यांशी पेटंटाचे खटले सुरू झाले. पैसा संपला, संसार मोडला. १९५४ च्या जानेवारी महिन्याच्या शेवटी त्याने तेराव्या मजल्यावरून उडी घेतली. टपावरची लहर वापरायला अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९५५ मध्ये, आणि तिचा पहिला मोठा उपयोग झाला दुकानांमध्ये मंद संगीत वाजवण्यासाठी. त्याची पत्नी मॅरियन मात्र मागे हटली नाही. तिने एकेक खटला लढवला आणि १९६७ मध्ये शेवटचाही जिंकला. त्यानंतर दोनच वर्षांनी मिनेसोटाच्या स्वयंसेवकांनी त्याच टपावर पेपर चढवला. ही तारखांची जवळीक मला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. माणूस नाही राहिला, त्याची जागा मात्र वापरात आली.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात या कामाच्या सगळ्यात जवळ जाणारं उदाहरण नागपूरचं. १९२८ पासून काम करणारी ब्लाइंड रिलीफ असोसिएशन आणि 'सक्षम' ही संस्था यांनी २०२२ मध्ये 'रेडिओ अक्ष' सुरू केला. तो इंटरनेटवरून ऐकायचा. पुस्तकं आणि अभ्यासाचं साहित्य वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया आहेत, आणि त्या हे काम स्वयंसेवा म्हणून करतात. देशातला दृष्टिहीनांचा हा पहिला रेडिओ, असं तेव्हा छापून आलं. ते तितकंसं बरोबर नाही. दृष्टिहीनांनी स्वतः चालवलेला 'रेडिओ उडान' इंटरनेटवर २०१४ पासून आहे. पहिलेपणाच्या मागे धावण्यात आपण खरी गोष्ट विसरतो. नागपूरच्या त्या बायका तासन्‌तास माइकसमोर बसून जे वाचतात त्याला पहिलेपणाचं बिरुद लागत नाही.

पण पुस्तक आणि पेपर यांत फरक आहे. पुस्तक पुढच्या आठवड्यात मिळालं तरी चालतं. हळदीचा कालचा भाव आज शिळा असतो. मग गावातच छोटं केंद्र काढावं का? २००६ पासून सामाजिक संस्थांना कम्युनिटी रेडिओची परवानगी मिळते. शंभर वॅटपर्यंत ताकद, तीस मीटरपर्यंत मनोरा, भोवतालची दहा-पंधरा किलोमीटरची गावं. म्हसवडला 'माणदेशी तरंग' असंच चालतं. अडचण वेगळीच आहे. खासगी आणि कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला आपल्याकडे मनाई आहे. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, तेवढंच. हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना यांना मोकळीक आहे. म्हणजे आजोबांच्या यादीतली महावितरणची सूचना चालेल. पेपर वाचणं चालणार नाही.

आणि दुसरीकडे कॉपीराइटचा कायदा आपल्या बाजूने उभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी, नफा न कमावता, कुठलंही साहित्य त्यांना वापरता येईल अशा रूपात आणायला मोकळीक दिली. अट एवढीच की ते त्यांच्यापुरतंच राहावं. जगभरासाठी हेच मान्य करणारा माराकेश करार सर्वांत आधी मंजूर करणारा देश भारत, २०१४ मध्ये. आता ही अट आणि टपावरची लहर शेजारी ठेवून पाहा. शिडीवाला रेडिओ ज्याच्या हातात, त्यालाच ऐकू जाणार. कायद्याने मागितलेलं कुंपण विज्ञानाने आधीच घालून ठेवलंय. जे सकाळी हजारो घरांत छापून पोचलंय तेच डोळे नसलेल्या घरात आवाजाने पोचवायला मनाई असावी, हे मला पटत नाही. या एका कामापुरती ती उठवावी.

यावर कोणी म्हणेल, आता कशाला रेडिओ आणि कशाला स्वयंसेवक? बोलणारे चष्मे आलेत, फोन स्वतः वाचून दाखवतो. ही यंत्रं मी वापरून पाहिली आहेत. ती उपयोगी आहेत, आणि त्यांच्या जाहिरातीत सांगतात तितकी नाहीत. आपला बराचसा छापील मजकूर जुन्या फाँटांत बांधलेला असतो. पडद्यावर ती अक्षरं मराठी दिसतात, पण यंत्राला आत सापडतात इंग्रजी खुणा, आणि ते काहीतरी भलतंच बरळतं. ई-पेपरचं पान पुष्कळदा नुसतं चित्र असतं. 'मु. पो.' दिसलं की यंत्र 'मु' म्हणतं, थांबतं आणि 'पो' म्हणतं. आणि सगळ्यात मोठी परीक्षा तर या गावाच्या नावातच आहे. आपल्या लिपीत 'ज' एक, उच्चार दोन. 'जरा थांब' मधला जरा वेगळा, आणि म्हातारपण या अर्थाची जरा वेगळी. 'माझा' आणि 'माझी' मध्ये 'झ'चंही तेच. 'जवळा बाजार' मधले दोन्ही 'ज' दातांमागून येणारे. हिंदीवर घडवलेला यांत्रिक आवाज हे नाव उच्चारतो तेव्हा ते गाव भलत्याच राज्यात जातं. जवळा बाजारचं सात-आठ वर्षांचं पोरही ते चुकत नाही.

ऐकणाऱ्याच्या बाजूचंही एक सांगायला हवं. डोळस माणसाला सेकंदाला आठ-दहा अक्षरांपर्यंतचं बोलणं समजतं. सराव झालेले दृष्टिहीन श्रोते बावीस अक्षरांपर्यंत जातात. असं ऐकताना मेंदूच्या मागच्या भागात, जिथे एरवी नजरेचं काम चालतं तिथे, हालचाल दिसते, हे जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलंय. तो भाग रिकामा बसलेला नसतो. जन्मानंतर खूप वर्षांनी डोळे गेलेल्यांनाही हा सराव जमतो, म्हणून आजोबांनाही जमू शकेल. पण रेडिओ सगळ्यांना एकाच वेगाने ऐकावा लागतो. ध्वनिमुद्रण ज्याला हवं त्या वेगाने ऐकता येतं. इथे मी रेडिओची बाजू सोडतो.

राहिला लिगोचा प्रश्न. या यंत्राला दुर्बीण म्हणतात, पण खरं पाहता तो कान आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि अवकाशाच्या हादऱ्याने त्यांच्या लांबीत पडणारा कल्पनेपलीकडचा सूक्ष्म फरक. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लिगोंनी पहिल्यांदा जो हादरा टिपला तो ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेला. हा आपल्या कानाच्या टप्प्यातला पट्टा आहे. शास्त्रज्ञांनी तो स्पीकरवर लावला, तेव्हा दोन कृष्णविवरांची टक्कर क्षणभराच्या, चढत जाणाऱ्या आवाजासारखी ऐकू आली. विशीत दृष्टी गेलेल्या पोर्तो रिकोच्या खगोलशास्त्रज्ञ वांडा दियास-मर्सेद ताऱ्यांची आकडेवारी आवाजात बदलून तिचा अभ्यास करतात. औंढ्याला जे उभं राहतंय त्यातून विश्व जसं समजेल, ते आजोबांना आणि मला सारखंच समजेल. हे मी त्या मुलाला आजोबांना मुद्दाम सांगायला सांगितलं.

"ते सगळं होईल तेव्हा होईल," तो म्हणाला. "आज काय करू?" मी म्हटलं, तू वाच, फोनवर रेकॉर्ड कर, आणि गावात असे आणखी कोणी असतील त्यांना पाठव.

दहा दिवसांनी त्याने मला एक ध्वनिमुद्रण पाठवलं. बावीस मिनिटांचं. मागे एसटीचा हॉर्न, कुठेतरी कोंबडा. बाजारभावाचा तक्ता तो उभा वाचत सुटला होता: आधी सगळ्या मालांची नावं, मग सगळ्यांची आवक, मग सगळे किमान दर. आजोबांनी मध्येच थांबवलं. "असं नाही रे. एक माल घे, आडवा वाच. आणि सर्वसाधारण दर आधी सांग, कमाल कोणाला मिळतो?" तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. हळद, कांडी, सर्वसाधारण. मग गट्टू. पुढे निधनवार्ता आल्या. तिसऱ्या नावाला आजोबांनी विचारलं, "वय किती लिहिलंय?" त्याने सांगितलं. मग अकरा सेकंद कोणी काही बोललं नाही. नुसता कोंबडा ऐकू येतो. "हं," आजोबा म्हणाले, "वाच पुढे."